तालुक्याच्या कॉलेजातून ‘आविष्कार’ला जायचंय? मग जूनमध्येच वही काढा

पावसाळा सरत आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचं परिपत्रक लागतं आणि त्यानंतर मुलं विषय शोधायला लागतात. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी ही धावपळ बघते. आमची मुलं हुशारीत कुठेच कमी नाहीत. कमी पडतो तो वेळ, आणि ‘संशोधन म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये करायची गोष्ट’ ही समजूत आड येते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. वर्ष सुरू होतानाच वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी स्पर्धेबद्दल थोडक्यात. राज्यपाल हे आपल्या विद्यापीठांचे कुलपती. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली ‘आविष्कार’ सुरू झालं. राज्यातल्या विद्यापीठांचे विद्यार्थी यात आपलं संशोधन मांडतात. गट सहा आहेत: मानव्यविद्या, भाषा व ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; मूलभूत विज्ञान; शेती व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; आणि वैद्यक व औषधनिर्माण. पदवीच्या मुलांची स्पर्धा पदवीच्याच मुलांशी असते. एम.एस्सी.वाले आणि पीएच.डी.वाले वेगळ्या पातळीवर असतात, त्यामुळे त्यांना बघून घाबरायचं कारण नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कला-वाणिज्य-विज्ञानाची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. आपल्याकडे आधी जिल्ह्याची किंवा विभागाची फेरी होते, तिथून निवड झालेली मुलं विद्यापीठाच्या अंतिम फेरीला जातात आणि तिथले निवडक विद्यापीठाच्या संघातून राज्यस्तरावर. तारखा, पोस्टरचं माप, सारांशाची शब्दमर्यादा हे सगळं त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून वाचू नका. कॉलेजच्या समन्वयक सरांकडून किंवा मॅडमकडून पूर्ण प्रत घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनो, पहिला गट आणि दुसरा गट तुमचाच आहे. ‘हे सायन्सवाल्यांचं’ असं म्हणून तुम्ही मागे राहता, ते मला अजिबात पटत नाही.

प्रश्न कुठून आणायचा

इंटरनेटवरून नाही. ‘जलप्रदूषण: एक अभ्यास’, ‘सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम’, ‘प्लॅस्टिक: एक समस्या’ अशा विषयांना ना शेंडा ना बुडखा. परीक्षकांनी ते इतक्यांदा पाहिलेले असतात की शीर्षक वाचूनच ते पुढच्या पोस्टरकडे वळतात.

प्रश्न घरातून, वाडीतून आणा. आमच्याकडे एस.वाय.ची एक मुलगी होती, खाडीकाठच्या गावातली. विषय सुचत नाही म्हणून माझ्यासमोर बसली होती. मी तिला विचारलं, घरी पाण्याची काय परिस्थिती? तर म्हणाली, “आजी म्हणता, चैत इलो की ह्या पाण्यात डाळ शिजणा नाय.” तिला ते नेहमीचं रडगाणं वाटत होतं. मला त्यात पूर्ण संशोधन दिसलं.

का, ते नीट सांगते. विषय कसा उलगडायचा हे त्यातून कळेल. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की ते डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतात, दाणा मऊ होत नाही. म्हणजे आजी सांगत होत्या की चैत्रात विहिरीचं पाणी जड होतं. पण आपला जांभा पावसाने धुऊन धुऊन निघालेला दगड आहे, त्यात चुना फारसा उरलेला नसतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी एरवी मऊ असतं, किंचित आम्लधर्मीसुद्धा. मग चैत्रात जडपणा येतो कुठून? शंका खाडीवर जाते. पावसाळ्यात भरलेल्या विहिरी उन्हाळ्यात उपशाने खाली जातात, गोड्या पाण्याचा दाब कमी होतो आणि खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. हे खरं असेल तर जडपणाबरोबर क्लोराईडही वाढायला हवं, आणि खाडीपासून लांब, वर सड्यालगत (माथ्यावरच्या कातळपठारालगत) असलेल्या विहिरीत ते वाढायला नको. झाला प्रश्न तयार. तो तपासायला कुठलीही महागडी मशीन लागत नाही. ब्युरेट, पिपेट, कोनिकल फ्लास्क आणि गावात जाऊन-येऊन करायची चिकाटी लागते.

आजीचं वाक्य, त्यामागचं कारण, त्या कारणावरून मोजता येईल असा अंदाज, आणि तो खोटा ठरवू शकेल अशी एक विहीर. कुठल्याही गटातला विषय असाच उलगडून बघा. अंदाज खोटा ठरण्याची सोय नसेल तर तो प्रकल्प संशोधन होत नाही, माहितीचं संकलन होतं.

दुसऱ्या गटांसाठी काही प्रश्न सुचवते, उचला खुशाल. गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा वाडीतल्या एका किराणा दुकानाची महिनाभराची उलाढाल वर्षाच्या मानाने किती, आणि उधारी कुणाची बाकी राहते? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या गावातल्या किती बागायतदारांनी त्याची नोंदणी केली, आणि ज्यांनी केली नाही त्यांनी का नाही केली? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढायला आता कुठल्या वयाची माणसं येतात? कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायका एका ओहोटीत किती काढतात, आणि त्यांच्या सासूबाईंच्या आठवणीतल्या जागांपैकी किती जागा उरल्यात? दशावतारात मुख्य आख्यानाआधी होणाऱ्या आडदशावतारात ऐनवेळी रचलेले संवाद आणि ठरलेले संवाद यांचं प्रमाण काय, हे चार प्रयोग रेकॉर्ड करून मोजता येतं. दशावतार कंपनीच्या मालकाची परवानगी आधी घ्या म्हणजे झालं.

कातळशिल्पांकडे बऱ्याच मुलांचा ओढा असतो. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यामुळे विषय गाजतो आहे. जरूर घ्या, पण ‘कातळशिल्पांचा अभ्यास’ असा घेऊ नका. तुमच्या गावच्या सड्यावर एखादं चित्र असेल तर त्याच्याभोवतीच्या जमिनीची मालकी, चिरेखाणीचं अंतर, गावकऱ्यांमध्ये त्याला काय म्हणतात, अशातलं एकच काहीतरी धरा. आणि कळकळीने सांगते, फोटो नीट यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरू नका, त्यावर चालू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना रेषा आपोआप उठून दिसतात.

वेळापत्रक

जूनमध्ये प्रश्न ठरवा. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आहेतच. मार्गदर्शकांशी बोलून तोच विषय ‘आविष्कार’साठी वाढवता आला तर दुप्पट मेहनत वाचते. पण काही प्रश्नांना ऋतू असतो. सड्यावरची फुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळणार, विहिरी एप्रिल-मेमध्येच तळ गाठणार, आणि स्पर्धा त्याच्या मधे येते. म्हणून उन्हाळ्याचा विषय असेल तर एस.वाय.ची परीक्षा संपली की मोजायला लागा आणि टी.वाय.ला मांडा. सुट्टीत मुंबईला मामाकडे जायचं असेल तर बहिणीला किंवा शेजारच्या मुलाला पाणी भरून ठेवायला शिकवून जा.

मार्गदर्शक कुणाला करायचं? ज्यांचं नाव मोठं त्यांना करण्यापेक्षा जे तुमची वही उघडून बघतील त्यांना करा. त्यांच्याकडे जाताना “सर, विषय द्या” म्हणून जाऊ नका. अर्ध्या पानावर प्रश्न आणि काय मोजणार ते लिहून न्या. शिक्षक नाही म्हणणार नाहीत. कामाच्या रगाड्यात ‘नंतर बघू’ म्हणाले तर आठवड्याने पुन्हा जा.

एकटं करण्यापेक्षा जोडीने केलेलं बरं, पण जोडीदार त्याच वाडीतला किंवा त्याच एस.टी.ने येणारा हवा. एक देवगडला, एक वैभववाडीला, अशी जोडी जुळते आणि कामाच्या दिवशी मोडते. स्पर्धेत नाव कुणाचं लागणार, मांडणी कोण करणार हे परिपत्रक बघून पहिल्याच दिवशी ठरवा. पुढचे रुसवेफुगवे टळतात.

मोजायचं कसं, आणि वही

पुन्हा विहिरींवर येते, कारण पद्धत नीट दाखवायची तर एक उदाहरण मुळापासून सांगितलेलं बरं.

त्या मुलीने चार विहिरी धरल्या: खाडीच्या बांधालगतची, आगरातली, देवळाजवळची आणि वर सड्याच्या पायथ्याची. बाटली कशाने विसळायची? त्याच विहिरीच्या पाण्याने, दोन-तीनदा. पाणी कधी काढायचं? हे जास्त महत्त्वाचं. खाडीजवळच्या विहिरीवर भरती-ओहोटीचा परिणाम होत असेल तर एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला पाणी काढून त्यांची तुलना केली तर सगळा घोळ होणार. आपल्याकडची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. अंदाजाला उत्तम आहे, पण वहीत वेळ लिहिताना भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून लिहा आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते हे लक्षात ठेवा. तिने नियम केला की पाणी ओहोटीलाच काढायचं, आणि सकाळचा उपसा सुरू व्हायच्या आत.

जडपणासाठी ईडीटीएचं टायट्रेशन. ईडीटीए म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन. पन्नास मिली पाणी, पीएच दहाचा बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक). पाणी आधी वाइनसारखं लाल दिसतं. ब्युरेटमधून ईडीटीए सोडत जायचं. शेवटाकडे लालात जांभळट झाक येते, तिथे घाई केली की गेलं. थेंब-थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा, आणि लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. ईडीटीए ०.०१ मोलरचं असेल तर एक मिलीला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात एक मिलिग्रॅम धरतात, म्हणजे पन्नास मिली नमुन्यात प्रत्येक मिलीमागे लिटरला वीस मिलिग्रॅम. आलेला आकडा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, आयएस १०५०० शी, ताडून बघायचा. त्यात जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आहे. क्लोराईडची २५० आणि १०००.

क्लोराईडसाठी मोहर पद्धत: सिल्व्हर नायट्रेट, दर्शक पोटॅशियम क्रोमेट. पिवळं पाणी विटकरी व्हायला लागलं की थांबायचं. ही पद्धत पीएच सात ते दहाच्या मधेच नीट चालते. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचा पीएच बऱ्याचदा सातच्या खाली असतो, म्हणून आधी पीएच बघायचा आणि लागला तर दुरुस्त करायचा. परीक्षकांना हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर त्यांना लगेच कळतं की हे काम हाताने केलेलं आहे. डिस्टिल्ड वॉटरवर तेच टायट्रेशन एकदा करून तो आकडा वजा करा. प्रत्येक नमुना तीनदा करा. वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि क्रोमेट मोरीत ओतू नका, बाटलीत साठवून लॅब असिस्टंट दादांकडे द्या.

आता वही. शंभर पानी, शिवलेली, पानं सुटी न होणारी. पेनने लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, व्हाइटनर नाही. तारीख, वेळ, तिथी, विहिरीत पाणी काठापासून किती खाली, आदल्या दिवशी पाऊस झाला का, रहाटाने काढलं की पंपाने, तिथे कोण भेटलं आणि काय म्हणालं, हे सगळं त्याच दिवशी लिहायचं. ‘आगरातल्या काकूंनी काल टाकी भरायला तीन तास पंप लावला होता’ अशी ओळ त्या वेळी क्षुल्लक वाटते. नंतर एक आकडा भलतीकडे गेलेला दिसला की त्याचं कारण याच ओळीत सापडतं. असा भलता आकडा कधीही खोडू नका. तो ठेवा आणि त्याच्याबद्दल बोला. मोबाईलमध्ये फोटो काढा, एक्सेलमध्ये भरा, सगळं करा, पण मूळ वहीच. स्पर्धेच्या दिवशी ती पोस्टरखाली टेबलावर ठेवा. परीक्षकाने ती उचलून चाळली की निम्मं काम झालं असं समजा.

ज्यांचा विषय माणसांशी आहे त्यांच्यासाठी एवढंच: गूगल फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर टाकून आलेली उत्तरं म्हणजे सर्वेक्षण नव्हे. दारात जा, बसा, चहा घ्या, काय विचारणार आणि कशासाठी ते आधी सांगा, आणि नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा. कालवं काढणाऱ्या मावशीला ओहोटीच्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. तो तिच्या मजुरीचा वेळ आहे. पोस्टरवर खरी नावं नकोत, चेहरे दाखवायचे तर विचारून.

सारांश आणि पोस्टर

सारांशात चारच गोष्टी लिहायच्या: प्रश्न काय होता, काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. ‘पाणी हे जीवन आहे’ ने सुरुवात करू नका. पहिल्याच वाक्यात विहिरी येऊ द्या. दुसऱ्यांचं लिखाण उचलू नका, चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. समोरासमोर दोन प्रश्न विचारले की ते उघडं पडतं.

पोस्टरवर मजकूर कमी आणि आकृती मोठ्या. विहिरींचा नकाशा स्वतः काढा: खाडी, बांध, आगर, पाखाडी, देऊळ, सडा. तो एक नकाशा आणि त्याखाली महिन्यागणिक जडपणाचा व क्लोराईडचा आलेख एवढ्यावर सगळी गोष्ट सांगता येते. आलेखाच्या अक्षांवर एककं लिहिलीत का, ते छापायला देण्याआधी दुसऱ्याकडून तपासून घ्या. फ्लेक्सवाल्याकडे युनिकोड फॉन्टची अक्षरं फुटतात, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून पीडीएफ करून न्या आणि मोठा प्रिंट सोडण्याआधी स्क्रीनवर एकेक ओळ वाचा. शेवटच्या दिवशी सगळ्या कॉलेजांची गर्दी एकाच दुकानात होते, चार दिवस आधी जा.

न्यायचं कसं? हार्डवेअरच्या दुकानातून जाडसा पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपणं. आमची मुलं त्यातूनच नेतात. एस.टी.च्या गर्दीतही पोस्टरला घडी पडत नाही.

परीक्षकांसमोर

मिळणारी मिनिटं मोजकी असतात. पाठ केलेलं भाषण म्हणू नका. परीक्षकाने मधेच अडवलं की तिथेच घोडं पेंड खातं. त्याऐवजी नकाशावर बोट ठेवून सुरुवात करा: “ही आमची वाडी. इथे चैत्रात डाळ शिजत नाही अशी तक्रार आहे. ते खरं आहे का आणि का, हे आम्ही बघितलं.” आमच्या मुलीने हेच केलं होतं, आणि परीक्षक पुढच्या पोस्टरकडे जायचं सोडून तिच्याशी बोलत उभे राहिले.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. याच विहिरी का निवडल्या? तुलनेसाठी काय ठेवलं? किती वेळा मोजलं? खाडीऐवजी खतामुळे किंवा सांडपाण्यामुळे क्लोराईड वाढलं नसेल कशावरून? शेवटचा प्रश्न अवघड आहे आणि त्याची तयारी मुद्दाम करा. सड्याजवळची विहीर काय सांगते, जडपणा आणि क्लोराईड बरोबर वाढतात का, भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात फरक पडतो का, अशा बाजूने बोलता येतं. उत्तर येत नसेल तर “हे आम्ही मोजलेलं नाही. मोजायचं झालं तर असं मोजू,” असं सरळ म्हणा. परीक्षक त्यावर खूश होतात. इंग्रजीचा धसका घेऊ नका. संज्ञा इंग्रजीत येऊ द्यात, वाक्य मराठीत बोला. जे स्वतः केलंय ते स्वतःच्या भाषेत सांगताना अडखळायला होत नाही. आणि आपल्या पोस्टरसमोर गर्दी नसेल तेव्हा शेजारच्या पोस्टरवाल्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. रत्नागिरीच्या, दापोलीच्या मुलांशी झालेल्या अशा ओळखी पुढे एम.एस्सी.ला, नोकरीला उपयोगी पडतात.

विद्यापीठाच्या फेरीसाठी निवड झाली तर मुंबईला जावं लागतं. रेल्वेचं आरक्षण निकाल लागल्या दिवशीच करा, कोकण रेल्वेत ऐनवेळी जागा मिळत नाही. तुतारी एक्स्प्रेसने गेलात तर सकाळी दादर. मुलींच्या घरून रात्रीच्या प्रवासाला नकार येतो. तेव्हा मार्गदर्शक शिक्षकांनी स्वतः घरी जाऊन बोलावं, फोनवर ते काम होत नाही. प्रवासखर्च कॉलेज देतं का, हे मुलांनी लाजून न विचारता राहू नये. आधी विचारा, तिकिटं जपून ठेवा.

निवड झाली नाही तर परीक्षकांचे शेरे त्याच संध्याकाळी, परतीच्या गाडीतच वहीत उतरवा. त्यातले दोन-तीन पुढच्या वर्षीचं काम असतात. विहिरींचा तक्ता मराठीत एका पानावर करून ग्रामपंचायतीत जलसुरक्षकांकडे द्या आणि ज्यांच्या विहिरी, त्यांच्या घरी एकेक प्रत. वहीची झेरॉक्स विभागाच्या कपाटात ठेवा. तुम्ही टी.वाय. करून बाहेर पडणार असाल तर जायच्या आधी एफ.वाय.च्या कुणाला तरी घेऊन चारही विहिरींवर जाऊन या. पाण्याची पातळी काठावरच्या कुठल्या दगडापासून मोजायची, ते तिथे उभं राहून दाखवा.